अम्हाराची खुपरी: इतक्या फेऱ्यांनंतरही न संपलेला आजार

‘खुपऱ्या’ हा शब्द मराठी घरांतून आता जवळजवळ गेलाच आहे. पापणीच्या आतल्या अंगाला रव्यासारखे दाणे उठायचे, डोळा सतत खुपायचा, पाणी गळायचं, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटलेल्या असायच्या. आजीच्या पिढीला हे सांगावं लागत नसे. भारतात १९६३ साली खुपरीविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो अंधत्व नियंत्रणाच्या कार्यक्रमात मिसळला. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून ट्रॅकोमाचं, म्हणजे खुपरीचं, उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

हा लेख मात्र जिथे हे अजून जमलेलं नाही अशा जागेविषयी आहे. इथिओपियाच्या उत्तर भागातलं अम्हारा राज्य. उंच पठार, खोल दऱ्या, ताना सरोवर, टेफ या बारीक धान्याची शेती आणि दोन कोटींच्या आसपास वस्ती. या राज्यात खुपरीसाठी अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचं सामूहिक वाटप जितक्या मोठ्या प्रमाणावर आणि जितकी वर्षं झालं, तितकं जगात फार कमी ठिकाणी झालं असेल. ते प्रामाणिकपणे झालं, त्याचं मोजमाप झालं, त्यावर उत्तम संशोधन झालं. तरीही अनेक तालुक्यांत आजार टिकून राहिला. फसलेल्या मोहिमेतून शिकणं सोपं असतं. नीट चाललेल्या मोहिमेनंतरही आजार का उरतो, हे समजून घेणं अवघड आहे, म्हणून हे प्रकरण निवडलं.

गोळी एकीला, दृष्टी दुसरीची

खुपरी हा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जिवाणूचा आजार. तो मुख्यतः लहान मुलांच्या डोळ्यांत राहतो. बोटं, एकच फडकं, एकच पांघरूण आणि डोळ्यावर बसणारी माशी यांच्यामार्फत तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. एकदा संसर्ग झाला म्हणून कुणी आंधळं होत नाही. लहानपणी पुन्हा पुन्हा संसर्ग होत राहिला, की वरच्या पापणीच्या आत व्रण साचतात. पुढे वीस-तीस वर्षांनी ते व्रण आकसतात, पापणी आत वळते आणि पापणीचे केस दर उघडझापेला बुबुळावर घासू लागतात. मग फूल पडतं आणि दृष्टी जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे जास्त दिसतं, कारण मुलांच्या सर्वांत जवळ आयुष्यभर त्याच असतात. अम्हारातल्या अनेक बाया स्वतःजवळ चिमटा बाळगतात आणि टोचणारे केस एकेक करून उपटतात. केस पुन्हा उगवतात, आणि खुंट झालेले केस अधिकच टोचतात.

औषधवाटपाचं सगळं तर्कशास्त्र या कालांतरात आहे. पापणी वळलेली चाळिशीची बाई आरोग्य केंद्रात येते, तेव्हा तिच्या डोळ्यात जिवाणू बहुधा उरलेलाच नसतो. तिला गोळीचा काही उपयोग नाही, तिला पापणीची शस्त्रक्रिया लागते. गोळी लागते तिच्या नातीला, जिला अजून काही दुखत नाही. म्हणजे रुग्ण स्वतःहून येईल आणि आपण औषध देऊ, ही आपल्या सवयीची पद्धत इथे चालतच नाही. ज्यांना औषधाची गरज आहे ते दवाखान्यात येत नाहीत, आणि जे येतात त्यांची औषधाची वेळ निघून गेलेली असते.

मग आजारी मुलं शोधून फक्त त्यांनाच औषध का देऊ नये? डोळ्यात दाणे दिसणं आणि डोळ्यात जिवाणू असणं या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. जिवाणू गेल्यावरही दाणे महिनोन्महिने राहतात, आणि दाणे दिसण्याआधीच जिवाणू पसरत असतो. प्रत्येक मुलाच्या पापणीतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासणं गावोगावी शक्य नाही. म्हणून नियम असा ठरला: तालुक्यातल्या १ ते ९ वयाच्या मुलांत दाण्यांची खुपरी १० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर तपासणी न करता सगळ्या वस्तीला वर्षातून एकदा औषध द्यायचं. १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तीन वर्षं, ३० ते ५० असेल तर पाच वर्षं, ५० च्या वर गेलं तर सात वर्षं. मग थांबून पुन्हा मोजायचं. आकडा ५ टक्क्यांच्या खाली आला, तरच वाटप बंद.

या नियमात गृहीत धरलेलं आहे की ठरावीक फेऱ्या झाल्या की आजार ठरावीक उतरतो. अम्हाराने या गृहीतकाला हलवून सोडलं.

सुरुवातीची स्थिती

२००६ मध्ये इथिओपियाने अंधत्व आणि खुपरीची राष्ट्रीय पाहणी केली. अम्हारात १ ते ९ वयाच्या ६२.६ टक्के मुलांना सक्रिय खुपरी आढळली. देशाची सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास होती. अम्हारातल्या १५ वर्षांवरील ५.२ टक्के लोकांच्या पापण्या आत वळलेल्या होत्या, म्हणजे साधारण दर वीस मोठ्या माणसांमागे एक.

राज्याच्या आरोग्य विभागाबरोबर कार्टर सेंटर ही अमेरिकी संस्था आणि लायन्स क्लब यांनी २००१ पासून मोजक्या तालुक्यांत काम सुरू केलं होतं. कामाची चौकट चार अंगांची होती: वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, अॅझिथ्रोमायसिन, तोंड धुणं, आणि पाणी-संडासाची सोय. २००७ पासून ती राज्यभर पसरत गेली आणि २०१० पर्यंत सगळे तालुके तिच्यात आले. गोळ्या फायझर कंपनीच्या देणगीतून मिळत. ही देणगी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅकोमा इनिशिएटिव्ह या संस्थेमार्फत वाटली जाते. औषध फुकट असलं तरी मागणी महिनोन्महिने आधी नोंदवावी लागते, लोकसंख्या सांगावी लागते, आधीच्या फेरीचा हिशेब द्यावा लागतो. जहाज उशिरा आलं की शेतीचा हंगाम येतो, हंगाम आला की माणसं घरी सापडत नाहीत.

नोव्हेंबर २००८ मध्ये अम्हाराने एक हुशार गोष्ट केली. मलेरिया आणि ट्रॅकोमा या दोन नावांचे तुकडे जोडून त्यांनी ‘मालट्रा’ नावाचा आठवडा सुरू केला. राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पाडले. एका आठवड्यात एका भागातल्या लोकांना एकत्र बोलवायचं, अॅझिथ्रोमायसिन द्यायचं आणि ज्याला ताप असेल त्याची तिथेच मलेरियाची चाचणी करून औषधही द्यायचं. सहा महिन्यांनी दुसरा भाग. माणसं तीच, मैदान तेच, कार्यकर्ते तेच, त्यामुळे एकाच खर्चात दोन कामं व्हायची.

कार्यकर्ते म्हणजे प्रामुख्याने आरोग्य विस्तार सेविका. इथिओपियाने २००३ पासून प्रत्येक केबेलेमागे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकामागे, साधारण दोन पगारी स्थानिक मुली नेमल्या. आपल्या आशा ताईंशी तुलना करायचा मोह होतो, पण आशांना अजूनही मुख्यतः कामाच्या मोबदल्यावर राबावं लागतं आणि या मुलींना पगार आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईला दरवर्षी त्याच घरांत जायचं आहे, तिला कोणत्या घरातला मुलगा गुरांमागे जातो आणि कोणती सून माहेरी गेली आहे हे ठाऊक असतं.

मैदानावर

वाटपाच्या दिवशी झाडाखाली एक टेबल, एक नोंदवही आणि एक उभी रंगवलेली काठी असते. काठी हे या मोहिमेचं सर्वांत साधं आणि सर्वांत डोकेबाज हत्यार. डोस वजनावर ठरतो, दर किलोला २० मिलिग्रॅम, पण खेड्याखेड्यांत वजनकाटे नेणं, ते सपाट जमिनीवर ठेवणं, प्रत्येकाला चढवणं-उतरवणं अशक्य. म्हणून उंचीवरून वजनाचा अंदाज घेऊन काठीवर खुणा केलेल्या असतात. माणूस काठीला पाठ लावून उभा राहतो आणि डोक्याच्या टोकाशी जी खूण येते तितक्या गोळ्या. पूर्ण वाढ झालेल्या माणसाला २५० मिलिग्रॅमच्या चार.

सात वर्षांखालच्या, बुटक्या मुलांना गोळी देत नाहीत. पुडीत पाणी घालून पातळ औषध तयार करायचं आणि मापून पाजायचं. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून गोळी घशात ढकलली तर ती श्वासनलिकेत अडकून मूल जाऊ शकतं. म्हणून प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं की मूल रडत असेल तर थांबा, शांत होऊ द्या, नाहीच घेतलं तर आजच्यापुरतं सोडा. मोहिमेच्या गर्दीत, आकडा पूर्ण करायचा ताण डोक्यावर असताना, हे ‘सोडा’ म्हणणं सोपं नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना अॅझिथ्रोमायसिन नाही. त्यांना टेट्रासायक्लिनचं डोळ्यात घालायचं मलम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. आई ते सहा आठवडे खरंच घालते का, हे बघायला कुणी नसतं.

आणि औषध समोरच घ्यायचं, घरी न्यायचं नाही. विदर्भात हत्तीरोगाच्या गोळ्यांच्या मोहिमा पाहिलेल्यांना यामागचं कारण सांगायला नको. ‘गोळ्या वाटल्या’ आणि ‘गोळ्या खाल्ल्या’ या दोन ओळींमधलं अंतर त्यांनी घरोघरच्या फळ्यांवर पडलेल्या पाकिटांत पाहिलं आहे.

अम्हारात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बहुसंख्य लोक इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. त्यांच्यात बुधवार-शुक्रवारचे उपास असतात, शिवाय कित्येक आठवड्यांचे मोठे उपासही. उपासाच्या सकाळी कुणाला गोळी घ्या म्हटलं तर त्याने नाही म्हणणं स्वाभाविक आहे. त्याला अडाणी ठरवण्यापेक्षा वाटपाचा दिवस बदलणं सोपं. चर्चचे धर्मगुरू स्वतः रांगेत पुढे उभे राहिले की गाव येतं.

गोंचा सिसो एनेसे: पुरावा कुठून आला

पूर्व गोज्जाम विभागातल्या गोंचा सिसो एनेसे या तालुक्यात २००६ पासून एक मोठी चाचणी चालली. वाड्यांचे गट पाडून कुणाला वर्षातून एकदा, कुणाला दोनदा, कुठे फक्त मुलांना दर तीन महिन्यांनी औषध दिलं. काही वाड्यांना वर्षभर उशिरा औषध मिळालं, तुलनेसाठी. संपूर्ण चाचणीतून निघालेले निष्कर्ष मला इतके महत्त्वाचे वाटतात की ते एकेक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिला: औषध चालतं, आणि जोरात चालतं. वर्षातून एकदा औषध मिळालेल्या वाड्यांत मुलांच्या डोळ्यांतला क्लॅमिडिया साडेतीन वर्षांत ४१.९ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आला. दोनदा मिळालेल्यांत ३८.३ वरून ३.२ वर. वर्षातून दोनदा दिल्याने या मुदतीत वेगळा फायदा दिसला नाही.

दुसरा: ज्या वाड्यांत फक्त दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना दर तीन महिन्यांनी औषध दिलं, तिथे मुलांमधला संसर्ग वर्षभरात ४८.४ वरून ३.६ टक्क्यांवर उतरला. हे अपेक्षितच होतं. पण ज्यांना औषध मिळालंच नाही अशा अकरा वर्षांवरच्या लोकांमध्येही तो १५.५ वरून ८.२ झाला. म्हणजे मुलांच्या डोळ्यांतला साठा आटला की आई-आजीलाही आपोआप संरक्षण मिळतं. ही गोष्ट लक्षात ठेवायची, शेवटी ती कामाला येणार आहे.

तिसरा निष्कर्ष कुणी शोधायला गेलं नव्हतं. औषध मिळालेल्या वाड्यांतल्या १ ते ९ वयाच्या मुलांच्या मृत्यूची शक्यता औषध न मिळालेल्या वाड्यांच्या तुलनेत साधारण निम्मी निघाली. डोळ्यांसाठी दिलेली गोळी न्यूमोनिया, जुलाब यांसारख्या आजारांनाही रोखत असावी. याच धाग्यावरून पुढे नायजर, मलावी आणि टांझानियात खूप मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात, वर्षातून दोनदा अॅझिथ्रोमायसिन मिळालेल्या लहान मुलांचे मृत्यू १३.५ टक्क्यांनी कमी आढळले.

चौथा निष्कर्ष याच्या उलट बाजूचा. दर तीन महिन्यांनी औषध घेतलेल्या मुलांच्या नाका-घशातल्या न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूंचं परीक्षण केलं, तेव्हा औषधाला न जुमानणारे जिवाणू असलेल्या मुलांचं प्रमाण वर्षभरात ३.६ वरून ४६.९ टक्क्यांवर गेलं होतं. औषध न मिळालेल्या वाड्यांत तेव्हा ते ९.२ टक्के होतं. वाटप थांबवल्यावर हा प्रतिकार हळूहळू ओसरतो हेही दिसलं. क्लॅमिडियानेच अॅझिथ्रोमायसिनला प्रतिकार मिळवल्याचं मात्र या मोहिमांत आढळलं नाही. तरी ‘वाढवा फेऱ्या, काय बिघडतं’ असं कुणी म्हणालं, तर हा ४६.९ चा आकडा टेबलावर ठेवायला हवा. अॅझिथ्रोमायसिन हे आपल्याकडेही घशाच्या आणि छातीच्या संसर्गाला सर्रास लिहिलं जाणारं औषध आहे.

पुढे त्याच तालुक्यात सर्वांत कठीण प्रश्न विचारला गेला: आता थांबलो तर? चार वर्षं औषध मिळालेल्या काही वाड्यांत वाटप थांबवलं, काहींत चालू ठेवलं. तीन वर्षांनी, थांबवलेल्या वाड्यांत मुलांमधला संसर्ग ८.३ टक्क्यांवरून १४.७ वर चढला होता. चालू ठेवलेल्या वाड्यांत तो जवळपास होता तिथेच होता, सुमारे ७ टक्क्यांच्या घरात.

या दोन ओळी मी कितीदा वाचल्या असतील. थांबलो तर चढतो, चालू ठेवलं तर चढत नाही, पण संपतही नाही. ज्यांनी पहिला निष्कर्ष वाचून ‘अजून दोन फेऱ्या आणि विषय संपला’ असं म्हटलं असतं, त्यांना हा निकाल थेट उत्तर देतो.

मग पाणी आणि संडास?

इथे माझ्यासकट अनेकांची मनापासूनची खात्री पणाला लागते. आपल्याकडे खुपरी कशी गेली, असं विचारलं तर आपण म्हणतो: नळ आले, घरं पक्की झाली, मुलं शाळेत जाऊ लागली, तोंडं धुतली जाऊ लागली. डोळ्यावर बसणारी मस्का सॉर्बेन्स जातीची माशी उघड्यावरच्या मानवी विष्ठेत अंडी घालते, खड्ड्याच्या संडासात नाही. साखळी स्पष्ट आहे. तेव्हा अम्हारातही पाणी-संडास केले की काम व्हायला हवं.

अम्हाराच्या ईशान्येला वाग हिमरा नावाचा कोरडा, खडकाळ भाग आहे. तिथे ४० वाड्यांत याची चाचणी झाली. निम्म्या वाड्यांत पाण्याच्या नव्या जागा, संडासासाठी पाठपुरावा, तोंड-हात धुण्याचं शिक्षण, सगळं तीन वर्षं केलं. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: संसर्गात फरक पडला नाही.

यावरून पाणी-संडास निरुपयोगी असं म्हणणं चुकीचं ठरेल. तीन वर्षांत एका कोरड्या डोंगरात जितकं पाणी नेता आलं, ते घरात तोंड धुण्यापुरतं उरण्याइतकं पुरेसं नसावं, असा माझा अर्थ. पाणी जवळ आलं तरी पहिल्यांदा ते स्वयंपाकाला, मग गुरांना, मग कपड्यांना आणि शेवटी मुलाच्या तोंडाला. आपल्याकडचा बदल पन्नास वर्षांत झाला आणि त्यात नळाबरोबर उत्पन्न, रस्ते आणि मुलींची शाळाही आली होती. पण कार्यक्रम आखणाऱ्याला या निकालातून एक कटू गोष्ट मान्य करावी लागते: पुढच्या पाच वर्षांत गोळीची जागा पाणी घेईल अशा आशेवर गोळी थांबवता येणार नाही.

८० टक्क्यांच्या आत काय लपतं

फेरी यशस्वी म्हणायला किमान ८० टक्के लोकांना औषध मिळायला हवं, असा दंडक आहे. दीड लाख वस्तीचा तालुका घ्या. ८० टक्के झालं म्हणजे ३० हजार माणसं राहिली. दर वर्षी वेगवेगळी ३० हजार राहिली तर चार-पाच वर्षांत जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी औषध मिळेल. पण दर वर्षी तीच ३० हजार राहिली तर? अहवालात दोन्ही ठिकाणी ‘८० टक्के’ असंच लिहिलं जाईल, आणि दुसऱ्या तालुक्यात खुपरी आरामात टिकेल.

राहणारी माणसं सहसा योगायोगाने राहत नाहीत. गुरांमागे दिवसभर डोंगरात असलेले मुलगे, आठवडी बाजाराला गेलेले व्यापारी, हंगामी मजुरीला सखल भागात उतरलेली कुटुंबं, मुख्य वाडीपासून दोन तासांच्या चढावरची चार घरं. यांच्यात गुराखी मुलं सर्वांत महत्त्वाची, कारण साठा मुलांतच असतो. एक लहान मूल फेरीत राहिलं आणि त्याच्या डोळ्यात जिवाणू असला, तर ते पाठच्या भावंडांसह सगळ्या वाडीला पुन्हा पेरून टाकतं. माझ्या मते अम्हाराचा अनुभव वाचताना फेऱ्यांच्या संख्येपेक्षा हा प्रश्न आधी विचारायला हवा: कोणत्या घराला किती फेऱ्यांत औषध मिळालेलंच नाही? कुटुंबनिहाय, वर्षानुवर्षं चालणारी नोंदवही नसेल तर याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

दुसरा लपलेला भाग मोजणीत आहे. तपासनीस भिंग लावून मुलाची वरची पापणी उलटतो. आतल्या मधल्या भागात किमान अर्ध्या मिलिमीटरचे पाच किंवा जास्त दाणे दिसले तर ‘हो’. रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या पापणीत चार दाणे की पाच, हे एका क्षणात ठरवायचं असतं, म्हणून तपासनीसांना कसून प्रशिक्षण आणि परीक्षा असते. शिवाय दाणे म्हणजे जिवाणू नव्हे, हे आपण वर पाहिलंच. अम्हाराने २०११ ते २०१५ दरम्यान तालुक्यातालुक्यात १ ते ५ वयाच्या मुलांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले. राज्यभरात संसर्ग ५.७ टक्के निघाला, त्या काळात दाण्यांची खुपरी त्याच्या कितीतरी पट जास्त होती. ६२.६ हा आकडा डोळ्यात दिसणाऱ्या खुपरीचा आणि ५.७ हा जिवाणूचा, तरीही तिथून सुरुवात केलेल्या राज्यासाठी ही प्रचंड मजल आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. पण हे सरासरीचे आकडे आहेत. काही तालुके उंबरठ्याखाली जाऊन तिथेच टिकले. दक्षिण गोंदरमधल्या अंदाबेतसारख्या काही तालुक्यांत वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांनंतरही आजार चिवटपणे राहिला.

खंड

२०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे जागतिक आरोग्य संघटनेने सामूहिक औषधवाटप पुढे ढकलायला सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेजारच्या तिग्राईत युद्ध पेटलं आणि ते अम्हाराच्या उत्तर भागात शिरलं. आरोग्य केंद्रं लुटली गेली, माणसं विस्थापित झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये शांतता करार झाला आणि २०२३ मध्ये खुद्द अम्हारात सशस्त्र संघर्ष सुरू झाला, ऑगस्टमध्ये आणीबाणी लागली. ज्या जिवाणूला वाढायला फक्त फेरीविना गेलेली दोन-तीन वर्षं हवी असतात, त्याला ती मिळाली. गोंचाच्या चाचणीत जे मुद्दाम, मोजून थांबवलं होतं, ते इथे बंदुकीने थांबवलं.

याच काळात, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकांतून हट्टी तालुक्यांसाठी वेगळा विचार पुढे आला: जिथे दोन पाहण्यांनंतरही आकडा ५ टक्क्यांच्या खाली येत नाही, तिथे वर्षातून एकदाचा साचा सोडायला हरकत नाही. वर्षातून दोन फेऱ्या, किंवा सगळ्यांना एकदा आणि त्यानंतर काही आठवड्यांत फक्त मुलांना पुन्हा, किंवा मुलांना दर तीन महिन्यांनी. इथे गोंचाचा तो जुना धागा परत येतो: फक्त मुलांना वारंवार औषध दिलं तर औषध न मिळालेल्या मोठ्यांतही संसर्ग घटतो.

मला विचाराल तर हट्टी तालुक्यांत मी मुलांवर केंद्रित फेऱ्यांच्या बाजूने उभा राहीन. त्यात औषध कमी लागतं, साठ्यावर नेमका घाव बसतो, आणि राहिलेल्या मुलाला तीन महिन्यांत पुन्हा गाठायची संधी मिळते. त्याबरोबर प्रतिकाराची तपासणी सक्तीची हवी, कारण ४६.९ चा आकडा याच पद्धतीतून आला आहे. आणि संघर्ष चालू असताना तीन महिन्यांचं वेळापत्रक पाळता येणार नसेल, तर सुरू करून मध्येच सोडण्यापेक्षा सहा महिन्यांच्या दोन पूर्ण फेऱ्या बऱ्या. हे ठरवताना राजधानी आदिस अबाबातल्या कागदापेक्षा त्या तालुक्यातल्या सेविकेचं म्हणणं आधी ऐकायला हवं, कारण कोणता रस्ता खुला आहे हे तिलाच माहीत असतं.

घाई का करायची, हे हिशेबावरून दिसतं. जगाने उच्चाटनाचं वर्ष आधी २०२० ठरवलं होतं, आता २०३०. जगात खुपरीचा धोका असलेल्या भागांत राहणारे लोक २००२ मध्ये सुमारे दीड अब्ज होते, २०२४ मध्ये ते १० कोटींच्या आसपास आले आणि त्यांतले अर्ध्याहून अधिक इथिओपियात आहेत. समजा अम्हारातल्या एखाद्या तालुक्यात आज ३५ टक्के मुलांना खुपरी आहे. नियमाने पाच वार्षिक फेऱ्या. पहिली २०२५ मध्ये झाली असं धरलं तर पाचवी २०२९ मध्ये. शेवटच्या फेरीनंतर किमान सहा महिन्यांनी पाहणी, म्हणजे २०३०. आकडा ५ च्या खाली आला तर वाटप बंद करून किमान दोन वर्षं थांबायचं आणि पुन्हा पाहणी करायची, म्हणजे २०३२. यात एकही फेरी चुकलेली नाही, एकही रस्ता बंद झालेला नाही, असं धरलं आहे.